ओढगस्तीच्या महिन्यांतील चार पैसे

आजच्या भाषणाचा विषय मला सांगण्यांत आला, तेव्हां क्षणभर संकोच वाटला. पैशाची तंगी हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक जुनी समजूत आहे. आपण आजारपणाविषयीं बोलतों, मुलांच्या परीक्षेतील गुणांविषयीं बोलतों, शेजाऱ्यांच्या भांडणाविषयीं तर बोलतोंच बोलतों. परंतु ‘महिना संपण्याच्या आधीं पैसे संपले’ हें एक वाक्य मात्र दार लावून घेतल्यावरहि हलक्या आवाजांत उच्चारलें जातें. आज मी ह्याच वाक्याविषयीं बोलणार आहें.

विषयाची मर्यादा आरंभींच सांगून टाकतें. कायमची बेकारी किंवा डोईजड कर्ज ह्यांचा विचार मी येथें करणार नाहीं. घर नीट चाललें आहे, मिळवतीं माणसें आहेत. पण पगार लांबला, कोणी अंथरुणाला खिळलें, मुलाची फी अचानक भरावी लागली, आणि चालू महिन्यांत पांच-दहा हजार रुपये कमी पडले. ते आठ-पंधरा दिवसांत कोठून उभे करावयाचे, एवढाच आपला प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचें शिक्षण मला पुस्तकांतून मिळालें नाहीं, घरांतून मिळालें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईतील कापडगिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले होते. माझे वडील परळच्या एका गिरणींत साचेवाले होते. मी तेव्हां अकरा वर्षांची होतें. लालबागच्या एका चाळींत आमची एक खोली होती. संप महिना-दीड महिन्यांत मिटेल, असें चाळींतले सारेच म्हणत. तो मिटला नाहीं; रीतसर मागें घेतलाहि गेला नाहीं.

पहिल्या महिन्यांत आमचा तांब्याचा बंब मोडींत गेला. दुसऱ्या महिन्यांत घंगाळ आणि पितळेचीं मोठीं पातेलीं गेलीं. तिसऱ्या महिन्यांत आईच्या दोन पाटल्या एका सावकाराकडे गहाण पडल्या. व्याज शेकडा दरमहा पांच रुपये. पांच हा आंकडा कानाला लहान वाटतो. वर्षाचा हिशेब केला, तर तो शेकडा साठ होतो. हा हिशेब त्या वेळीं आमच्या घरांत कोणी केला नाहीं. करणार तरी कोण? पाटल्या गहाण पडल्याचें आईनें वडिलांनाहि सांगितलें नव्हतें. ‘माहेरीं ठेवल्या आहेत,’ एवढेंच ती म्हणाली होती.

पांचव्या महिन्यांत विकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, तेव्हां ती डबे करूं लागली. परळच्या आसपास के. ई. एम., टाटा, वाडिया अशीं मोठमोठीं इस्पितळें आहेत. कोंकणांतून, देशावरून तेथें रोगी येतात, आणि त्यांचे नातेवाईक दिवसचे दिवस जिन्यावर, झाडाखालीं बसून काढतात. त्यांना घरच्या भाकरीची भूक असते. आईनें पहिल्या दिवशीं चार डबे नेले. चारहि गेले, आणि पैसे त्याच दुपारीं हातीं आले. दुसऱ्या दिवशींची ज्वारी त्या पैशांतून आली. दिवाळीच्या सुमारास ती आणि शेजारच्या मावशी मिळून वीस डबे देत होत्या, आणि ते इस्पितळापर्यंत पोंचविण्याचें काम माझे वडील करीत होते. घर त्यावर तरलें.

पाटल्या मात्र परत आल्या नाहींत. वडिलांना ती गोष्ट कळली तेव्हां मुदत टळून गेली होती. ते रागावले नाहींत. ‘मला आधीं सांगितलें असतेंस, तर थोरल्या दादाकडून पैसे मागवून सोडविल्या असत्या,’ एवढेंच ते म्हणाले. पुष्कळ वर्षांनीं मी आईला विचारलें, ‘आई, डबे पहिल्याच महिन्यांत कां नाहीं सुरू केलेस?’ ती म्हणाली, ‘अगं, भांडीं रात्रीं नेतां येतात. डबा दिवसाढवळ्या न्यावा लागतो.’

श्रोतेहो, आज मला जें सांगावयाचें आहे, तें ह्या एका उत्तरांत आलें आहे. तंगीच्या वेळीं पैसे उभे करण्याचे मार्ग थोडे नाहींत. पण त्यांना एक क्रम आहे. आधीं मुदत मागावी, मग आपलेच अडकलेले पैसे शोधावे, मग श्रम करावे, त्यानंतर गहाण ठेवावें, आणि ठेवणींतली वस्तु अगदीं शेवटीं विकावी. लाज हा क्रम उलटा करते. कारण विकणें आणि गहाण ठेवणें हें गुपचूप करतां येतें. काम करणें आणि मुदत मागणें ह्यांना मात्र तोंड उघडावें लागतें. म्हणून माणूस जें शेवटीं करावयाचें तें आधीं करतो, आणि जें आधीं करावयाचें तें सर्वस्व गेल्यावर. आतां हा क्रम आपण एकेक पायरीनें पाहूं.

पहिली पायरी आंकड्याची आणि तारखेची. ‘पैसे नाहींत’ हें दुःख झालें. ‘पंधरा तारखेपर्यंत सहा हजार चारशें रुपये हवेत’ हा हिशेब झाला. दुःखावर उपाय नसतो, हिशेबावर असतो. एका कागदावर ह्या महिन्याचीं देणीं लिहून काढा, आणि प्रत्येकापुढें तीं केव्हां द्यावयाचीं तें लिहा. पुष्कळदां असें दिसून येतें कीं, सर्व देणीं कांहीं एकाच दिवशीं डोक्यावर येत नाहींत. शाळेची फी दोन हप्त्यांनीं घेतात कां, घरमालक आठ दिवस थांबेल कां, वाणी पुढच्या पगारापर्यंत उधारी चालवील कां, हें विचारावयास पैसे पडत नाहींत. मात्र हें विचारणें तारखेच्या आधीं झालें पाहिजे. आधीं सांगितलेला उशीर ही विनंती असते. तारीख गेल्यावर सांगितलेला उशीर ही सबब होते. नोकरींत असणाऱ्यांनीं पगारांतून उचल मिळते कीं काय, आणि कचेरींतील पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचा दर काय आहे, हेंहि ह्याच वेळीं विचारून ठेवावें.

येथेंच एक सावधगिरीची सूचना. हल्लीं पुष्कळांच्या खिशांत क्रेडिट कार्ड असतें, आणि तंगींत तें देवासारखें धांवून आलें असें वाटतें. पूर्ण बिल मुदतींत भरलें, तर तें खरेंच सोयीचें आहे. पण बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ तेवढी भरून बाकी पुढें ढकलली, तर दरमहा शेकडा साडेतीनच्या आसपास व्याज चढूं लागतें. आणि कार्डावर रोख रक्कम काढली, तर सामान्यतः त्याच दिवसापासून व्याज सुरू होतें. माझ्या आईचा सावकार पांच घेत होता. फरक आहे, पण वाटतो तितका मोठा नाहीं.

दुसरी पायरी आपल्याच पैशांची. कचेरींतून यावयाचा प्रवासभत्ता, औषधांच्या बिलांची भरपाई, सोडलेल्या घराची परत न मिळालेली अनामत, कोणास उसने दिलेले आणि संकोचानें न मागितलेले रुपये, ह्यांची यादी करा. ती बहुधा अपेक्षेहून लांब निघते. जुन्या बँकखात्यांचेंहि असेंच आहे. दहा वर्षें व्यवहार न झालेल्या खात्यांतील पैसे रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापन केलेल्या एका निधींत जमा होतात. पण त्यामुळें खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क बुडत नाहीं. तो आपल्या बँकेकडे अर्ज करून पैसे परत मागूं शकतो. असे पैसे कोठें पडून आहेत तें शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं ‘उद्गम’ नांवाची सोय इंटरनेटवर केली. हें काम आठ दिवसांत पुरें होईलच असें नाहीं, परंतु अर्ज करून ठेवण्यास हरकत नाहीं.

अडगळहि ह्याच पायरीवरची. अडगळ आणि ठेव ह्यांतला भेद मात्र ध्यानांत ठेवावा. दोन वर्षें जिला हात लागला नाहीं आणि जी गेल्यानें कोणाच्या डोळ्यांस पाणी येणार नाहीं, ती अडगळ. रद्दी आणि तांब्या-पितळेची मोड घरीं वजन करून मगच दुकानांत न्यावी, आणि भाव निदान दोन ठिकाणीं विचारावा. मुलांचीं जुनीं क्रमिक पुस्तकें मे-जूनमध्यें विकलीं, तर त्यांना पुस्तकांचा भाव येतो. दिवाळींत विकलीं, तर रद्दीचा. जुना मोबाइल विकतांना त्यांतील फोटो, पत्ते, बँकेचे व्यवहार पुसून टाकल्यावांचून तो दुसऱ्याच्या हातीं देऊं नये.

तिसरी पायरी श्रमाची, आणि माझ्या मतें हीच खरी. पण कोणते श्रम? माझी आई म्हणत असे, ‘लोकांना भूक रोज लागते, म्हणून पैसाहि रोज येतो.’ ह्यांत पुष्कळ अर्थशास्त्र आहे. जें लोकांना आज हवें आहे आणि जें करावयास त्यांना आज सवड नाहीं, त्याचेच पैसे आज मिळतात. भाषांतर, मुद्रितें तपासणें, हिशेब लिहून देणें हीं कामें उत्तम आहेत. परंतु त्यांचे पैसे महिना-दोन महिन्यांनीं येतात. पंधरा तारखेची नड त्यांनीं भागत नाहीं. म्हणून काम निवडतांना ‘किती मिळतील’ ह्याबरोबरच ‘केव्हां मिळतील’ हेंहि विचारावें.

आज करून उद्यां पैसे देणारीं कामें आपल्या आसपास आहेत. साडीला फॉल-पिको करणें, ब्लाउजला हूक-काजें करणें, कपडे लहान-मोठे करून देणें, हीं एका शिलाई-यंत्रावर होणारीं कामें आहेत. लग्नसराईंत शिंपी तीं घ्यावयास नाखूश असतात. परीक्षेच्या आधींच्या दोन महिन्यांत गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिकवणीस मुलें सहज मिळतात, आणि महिन्याची फी आगाऊ घेण्याची पद्धति सर्वांना मान्य आहे. दोघांनाहि नोकरी असलेल्या घरांतील वृद्धांना दवाखान्यांत नेऊन आणणें, शाळा सुटल्यावर मुलांना दोन तास सांभाळणें, प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरून देणें, ह्या कामांनाहि आज मोल आहे. त्यांत कमीपणा नाहीं. बँकेंतला माणूस खिडकीशीं बसून दुसऱ्याचे पैसे मोजतो, तें जसें काम, तसेंच हें काम.

खाद्यपदार्थांचें तर आपल्याकडे वर्षभराचें पंचांगच आहे. संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या, होळीला पुरणपोळ्या, उन्हाळ्यांत पापड-कुरडया, गणपतींत उकडीचे मोदक, दिवाळींत फराळ. आणि रोजच्या पोळ्यांना तर कोणताहि महिना चालतो. मात्र ह्या धंद्यांत पुष्कळ भगिनी एक चूक करतात. त्या शेजारणीला विचारून भाव ठरवितात, हिशेबाला विचारून नव्हे.

मी शाळेंत गणित शिकवितें, म्हणून एक उदाहरण घालतें. समजा, एकवीस मोदकांची मागणी आली आणि मोदकास चाळीस रुपये घेतले. आठशें चाळीस रुपये झाले. नारळ, गूळ, पिठी, तूप ह्यांचे अडीचशें, गॅस आणि खोका ह्यांचे साठ, पोंचवावयाचे पन्नास. एकूण खर्च तीनशें साठ. उरले चारशें ऐंशी. नारळ खवण्यापासून खोका बांधण्यापर्यंत तीन तास गेले असतील, तर तासाला एकशें साठ रुपये पडले. आतां भिडेखातर तोच मोदक तीस रुपयांस दिला असें समजा. सहाशें तीस रुपये आले. खर्च तोच तीनशें साठ. उरले दोनशें सत्तर, म्हणजे तासाला नव्वद. भाव चौथ्या हिश्शानें उतरला, आणि मजुरी मात्र जवळजवळ निम्म्यावर आली. भिडेचा सगळा भार सामानावर पडत नाहीं, भाड्यावर पडत नाहीं. तो आपल्या हातांवर पडतो.

दुसरी चूक अशी कीं, आलेले आठशें चाळीस सगळे मिळकत समजून खर्च केले जातात, आणि पुढच्या मागणीच्या वेळीं नारळाला पैसे नसतात. आईच्या दोन डब्या होत्या, एक ‘उद्यांची’ आणि एक ‘घरची’. ज्वारीचे पैसे आधीं पहिल्या डबींत पडत, उरतील ते दुसरींत. बाहेर विकण्यासाठीं पदार्थ करणारानें, तो लहान प्रमाणावर असला तरी, अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी करून घ्यावी लागते, हेंहि विसरूं नये.

एकटीच्यानें जें निभत नाहीं, तें चौघींच्यानें निभतें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात बायका गच्चीवर जमल्या. ऐंशी रुपये उसने घेऊन त्यांनीं पापड लाटले, आणि पहिल्या दिवशीं चार पुडे तयार झाले. तेंच आजचें लिज्जत पापडाचें गृहउद्योग-मंडळ. त्याच्या नांवाचा गवगवा पुष्कळ झाला. पण मला त्यांतली एक साधी रीत फार मोलाची वाटते. केंद्रांतून सकाळीं भिजविलेलें पीठ न्यावयाचें, घरीं पापड लाटावयाचे, दुसऱ्या दिवशीं ते देऊन मजुरी घ्यावयाची आणि नवें पीठ न्यावयाचें. भांडवल दुसऱ्याचें, विक्रीची काळजी दुसऱ्याची, आपले फक्त हात, आणि पैसे लगेच. नडीच्या वेळीं ह्याहून सोयीचें काम विरळा.

दुसरें उदाहरण गिरणगांवांतलेंच आहे. खोलींत खानावळ चालवून गिरणीकामगारांना जेवूं घालणाऱ्या बायका मालासाठीं वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जांत अडकलेल्या असत. श्रीमती प्रेमा पुरव ह्यांनीं त्यांना एकत्र करून १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. त्या बायकांचे श्रम आधींहि तेवढेच होते, भाकऱ्याहि तेवढ्याच होत्या. बदललें तें व्याज. आणि तें बदललें म्हणून घामाचा पैसा घरांत राहूं लागला.

श्रमाच्या जोडीला जागेचाहि विचार करावा. ज्यांच्याकडे एखादी खोली मोकळी आहे, ते शिकणाऱ्या मुलास किंवा नोकरदार मुलीस ती भाड्यानें देऊं शकतात. महाराष्ट्रांत अशा वेळीं लेखी करार करून तो नोंदवावा लागतो. ओळखीचा माणूस असला तरी हें टाळूं नये. आणि अनामत रक्कम हातीं पडली म्हणजे ती मिळकत झाली, असें कृपा करून समजूं नका. अनामत हें बिनव्याजी देणें आहे. आज ती फीमध्यें गेली, तर भाडेकरू जाईल त्या महिन्यांत दुसरी ओढगस्त उभी राहील.

चौथी पायरी गहाणाची. ठेवीच्या पावतीवर किंवा विम्याच्या पॉलिसीवर कर्ज मिळत असेल, तर तें आधीं पाहावें. मुदतठेव मोडण्यापेक्षां तिच्यावर थोड्या दिवसांसाठीं कर्ज काढणें पुष्कळदां स्वस्त पडतें. सोनें ठेवावयाचें झालें, तर बँकेकडे किंवा विश्वसनीय, नोंदलेल्या संस्थेकडे ठेवावें. पावतीवर दागिन्याचें वर्णन, एकूण वजन, खडे वगळून निव्वळ वजन, कस, व्याजाचा वार्षिक दर आणि सोडविण्याची मुदत हें सर्व लिहिलेलें आहे कीं नाहीं, तें दुकानाची पायरी उतरण्याआधीं वाचावें. महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे. तेव्हां ओळखीचा म्हणून बिनपरवान्याच्या माणसाकडे दागिना ठेवूं नये.

व्याजाचा दर नेहमीं वर्षाचा विचारावा. दहा हजार रुपयांवर वर्षाला शेकडा दहा म्हणजे महिन्याला सुमारें त्र्याऐंशी रुपये. महिन्याला शेकडा पांच म्हणजे पांचशें. दागिना तोच, गरज तीच, आणि दहा महिन्यांनीं एकाचें व्याज आठशें तेहतीस तर दुसऱ्याचें पांच हजार.

पांचवी पायरी विक्रीची. सोनें मोडतांना घडणावळ परत मिळत नाहीं, हें सर्वांना ठाऊक आहे. दागिन्यावर हॉलमार्कचें चिन्ह असलें, तर कसाविषयीं वाद घालावा लागत नाहीं. जुन्या दागिन्याचा कस मात्र आपल्या समोर तपासून घ्यावा. येथें एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. सोडविण्याजोगी प्राप्ति दिसत असेल, तरच गहाण ठेवावें. ती दिसत नसेल, तर व्याज भरून शेवटीं दागिना घालविण्यापेक्षां तो आरंभींच पुऱ्या भावानें विकणें शहाणपणाचें. माझ्या आईच्या पाटल्या कर्जाच्या मानानें कितीतरी अधिक मोलाच्या होत्या. त्या विकल्या असत्या, तर निदान त्यांची किंमत तरी घरांत आली असती.

ह्या पांच पायऱ्यांच्या बाहेर एक दार आहे, आणि तें आज प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाइलमध्यें आहे. तें कधींहि उघडूं नये. ‘पांच मिनिटांत कर्ज, कागदपत्रें नकोत’ अशी जाहिरात येते. पैसे येतात ते कांहीं भाग आधींच कापून. परतफेडीची मुदत आठवड्याची. आणि एक दिवस उशीर झाला कीं, आपल्या फोनमधल्या साऱ्या नातेवाइकांना धमक्या जाऊं लागतात. रिझर्व्ह बँकेनें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें कर्जाची रक्कम सरळ कर्जदाराच्या खात्यांत आली पाहिजे, व्याजासह एकूण खर्च आधीं लेखी सांगितला पाहिजे, आणि ॲपनें फोनमधल्या ओळखीच्या लोकांच्या यादीला हात लावतां कामा नये. जो ती यादी मागतो, तो कर्ज देण्यास आलेला नाहीं, हें ओळखावें.

दुसरी जाहिरात ‘घरबसल्या रोज हजार रुपये’ अशी असते. प्रथम दोन-तीनशें रुपये खरोखरच हातीं येतात, आणि मग मोठें काम मिळविण्यासाठीं आपल्याचकडून पैसे भरावयास सांगतात. लक्षांत ठेवा, कामाचे पैसे मालक देतो. काम करणारा मालकाला पैसे देत नाहीं. तिसरी गोष्ट याहूनहि घातक. ‘तुमचें बँकखातें आम्हांस कांहीं दिवस वापरूं द्या, भाडें देऊं,’ असें कोणी म्हणालें, तर तो चोरीचा पैसा लपविण्याचा प्रकार असतो, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारीं. अशी फसवणूक झालीच, तर लाजून बसूं नये. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी तक्रार लवकर, तितकी पैसे मधल्या मध्यें अडवितां येण्याची शक्यता अधिक.

आणि हें दार इतकें धोक्याचें कां, तर तें सर्वांत गुप्त आहे म्हणून. बंब न्यावयाचा तर रात्रीं कां होईना जिना उतरावा लागे. सावकाराच्या पायरीवर कोणी पाहील, ही भीति असे. आतां अंथरुणावर पडल्या पडल्या, शेजारीं निजलेल्या माणसाला न कळतां, घर गहाण पडूं शकतें.

म्हणून पैसे मिळविण्याचा पहिला उपाय पैशाचा नव्हेच. तो बोलण्याचा आहे. ज्या दिवशीं तूट दिसेल, त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतल्या मोठ्या माणसांनीं कागद घेऊन बसावें. नवऱ्यानें बायकोला, बायकोनें नवऱ्याला आंकडा सांगावा. कळत्या मुलांनाहि सांगावें. तीं आपण समजतों त्याहून शहाणीं असतात. आमच्या घरांत तिसऱ्या महिन्याची गोष्ट पहिल्या महिन्यांत बोलली गेली असती, तर वडिलांनीं डबे तेव्हांच उचलले असते. ते कमीपणा मानणारे नव्हते. त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें.

आई आतां नाहीं. तिची ‘उद्यांची’ डबी मात्र माझ्याकडे आहे. पत्र्याची आहे, मोडींत तिला कांहीं भाव येणार नाहीं. माझ्याहि घरीं ओढगस्तीचे महिने येऊन गेले. तेव्हां मी ती डबी काढून जेवणाच्या टेबलावर, सर्वांना दिसेल अशी ठेवीत असें. त्यावरून घरांत सर्वांना कळे कीं, आज हिशेबाला बसावयाचें आहे.